इन्क्युबेटर पाठवण्याआधी : आफ्रिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका मंडळातून मला फोन आला. यंदाच्या गणेशोत्सवातल्या वर्गणीतून मलावीतल्या एका ग्रामीण रुग्णालयाला दोन इन्क्युबेटर, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या, द्यायचं ठरलं आहे, मी त्या देशात चार वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय, तर कुठल्या कंपनीचे घ्यावेत ते सांगा, असं विचारत होते. बोलणाऱ्या ताईंच्या आवाजात कळकळ होती. "दोन दिवसांत कळवते" म्हणून मी फोन ठेवला आणि कळवलं नाही, त्याबद्दल त्यांची आधी माफी मागते. कंपनीचं नाव सांगून सुटण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आणि उघड पत्र लिहायचं कारण एवढंच, की असे फोन दुसऱ्या मंडळांतून, पुण्या-मुंबईच्या दात्यांकडूनही दुसऱ्या कुणाला तरी जात असणार.

फोनवर ताई म्हणाल्या, "तिकडे बायका अजून घरीच बाळंत होतात ना, म्हणून पोरं जातात." जायच्या आधी माझाही हाच समज होता. मलावीच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले आणि तो गळून पडला. 2004 मध्ये तिथली 57 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2015-16 च्या पाहणीत हेच प्रमाण 91 टक्के झालं. एका गरीब, शेतीवर जगणाऱ्या, बहुतांश खेड्यांत राहणाऱ्या देशानं बारा वर्षांत हे केलं. गावच्या मुखियांनी नियम केले. घरी बाळंतपण झालं तर त्या घराला कोंबडीचा नाहीतर शेळीचा दंड. 2012 मध्ये जॉइस बांडा राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यांनी दवाखान्यांजवळ दिवस भरत आलेल्या बायकांसाठी निवारे बांधायची मोहीम काढली. बायकांनीही ऐकलं. शेवटचे दोन-तीन आठवडे घर, शेत, मागची पोरं सोडून निवाऱ्यात येऊन राहायचं, चूल आणि मक्याचं पीठ बरोबर घेऊन, हे सोपं नाही.

आणि तरीही. याच काळात वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी 76 वरून 42 वर आलं, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातला पहिल्या 28 दिवसांचा हिस्सा वेगळा काढून पाहा. 2004 मध्ये हजारी 27. 2010 मध्ये 31. 2015-16 मध्ये पुन्हा 27. आया दवाखान्यापर्यंत आल्या आणि महिन्याच्या आतली बाळं जात होती तशीच जात राहिली. पूर्वी दगावणाऱ्या तीन तान्ह्यांतलं एक पहिल्या महिन्यात जायचं, 2015-16 पर्यंत तिनांतली जवळजवळ दोन. हा 27 चा आकडा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. तुम्हाला जे सांगायचंय ते सगळं त्या आकड्याभोवतीच आहे.

जे कमी झालं ते कशानं झालं, हे आधी थोडक्यात सांगते, कारण त्यात मलावीचं श्रेय आहे आणि ते तिला फार कुणी देत नाही. एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, तिच्या रक्ताचे आकडे काहीही असोत, आयुष्यभराची औषधं लगेच सुरू करायची हा निर्णय 2011 मध्ये जगात सगळ्यात आधी मलावीनं घेतला. बाकीचे देश मागून आले. मच्छरदाण्या पोचल्या. न्यूमोनियाची लस आली, 2012 मध्ये रोटाव्हायरसची आली. मचिंजी जिल्ह्यातल्या अभ्यासात त्या लशीनं हगवणीनं होणारे तान्ह्यांचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं. मलेरियाची पहिली लस नेहमीच्या लसीकरणातून द्यायला एप्रिल 2019 मध्ये मलावीतूनच सुरुवात झाली. आता मलेरियाची दुसरी लस आलीय, ऑक्सफर्डनं शोधलेली आणि आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनणारी. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. पुण्याच्या माणसाला याचा अभिमान वाटला तर तो रास्त आहे. पण मलेरियाची लस बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर सुरू होते. तिसऱ्या दिवशी जाणाऱ्या बाळासाठी कुठलीच लस नाही.

ते बाळ जातं ते अपुऱ्या दिवसांचं असतं म्हणून, जन्मल्यावर श्वास घेत नाही म्हणून, किंवा जंतुसंसर्गानं. मलावीत अपुऱ्या दिवसांची बाळं किती असावीत? 2012 च्या एका जागतिक अहवालात शंभरातली अठरा, म्हणजे जगात सगळ्यात जास्त. याचं एकच एक कारण नाही. गरोदरपणात मलेरिया झाला की त्याचे जंतू वारेत साठतात आणि बाळाचं पोषण अडतं. एचआयव्ही आणि इतर संसर्ग आहेत. मुलींची वयं कोवळी; 2015-16 च्या पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींतल्या 29 टक्के एक तर आई झालेल्या किंवा पोटुशी. दोन बाळंतपणांतलं अंतर कमी. आणि भूक. जानेवारी ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने. मागचा मका संपलेला, नवा अजून शेतात उभा. त्याच महिन्यांत पाऊस, त्याच महिन्यांत मलेरिया, त्याच महिन्यांत खुरपणी, आणि त्याच महिन्यांत नदी-ओढ्यांना पाणी आल्यानं रस्ते बंद. गरोदर बाई एका वेळचं पातळ जेवून दिवसभर शेतात वाकलेली असते. आमच्या वॉर्डात सगळ्यात छोटी बाळं याच महिन्यांत यायची, कॅलेंडर बघायची गरज नव्हती.

आता इन्क्युबेटर.

आमच्या वॉर्डात तीन होते, तिन्ही कुणी ना कुणी प्रेमानं दिलेले. एकावर देणाऱ्यांच्या नावाची पितळी पट्टी होती. चालू एक. दुसऱ्याचा तापमान मोजणारा सेन्सर गेला होता आणि तो भाग देशात मिळत नव्हता. तिसरा कधी बंद पडला ते कुणाला आठवत नव्हतं. त्यात धुतलेल्या चादरी ठेवायचो, कारण त्याला झाकण होतं आणि उंदीर शिरत नसत. हे एकट्या आमच्या रुग्णालयाचं नाही. गरीब देशांतल्या दवाखान्यांची पाहणी 2011 मध्ये छापून आली, तीत शंभरातली अडतीस यंत्रं बंद पडलेली आढळली.

जानेवारी 2022 च्या अखेरीस 'आना' नावाचं वादळ आलं आणि शिरे नदीवरचं कापिचिरा वीजकेंद्र वाहून गेल्यासारखं झालं. देशाची जवळपास तिसऱ्या हिश्शाची वीज एका रात्रीत गेली. आम्ही मध्य भागात होतो, वादळ दक्षिणेत; पण अंधार सगळीकडे सारखा.

त्या आठवड्यात एका रात्री एक सतरा वर्षांची मुलगी आली. चौदा किलोमीटर काबाझावर, म्हणजे सायकल-टॅक्सीवर, मागच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय टाकून बसून. कळा येत होत्या. आजी दुसऱ्या सायकलवर. ओढ्यापाशी दोघी उतरल्या, पाण्यातून चालल्या, पुन्हा बसल्या. पोचल्यावर वीस मिनिटांत बाळ झालं. तेराशे ग्रॅम. मुलगी. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. त्या रात्री बाळंतपणाची खोली, बाळंतिणींचा वॉर्ड आणि बाळांची खोली मिळून मी एकटी. वीज गेलेली. जनरेटरचं डिझेल ऑपरेशन थिएटरसाठी राखून ठेवलेलं. चालू असलेला एकुलता एक इन्क्युबेटर थंड पडलेला. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला तर 34.8 अंश सेल्सिअस.

आफ्रिका म्हटली की आपल्याला ऊन दिसतं. तिथे बाळं थंडीनं मरतात, हे मला स्वतःला तिथे जाऊन कळलं. हजार-दीड हजार ग्रॅमच्या जिवाला पावसाळ्यातली रात्र पुरते. अंगावर चरबी नाही, ओलं अंग, कुणीतरी मायेनं घातलेली पहिली आंघोळ. बाळ गार पडतं, गार पडलं की दूध ओढत नाही, ओढलं नाही की रक्तातली साखर उतरते, मग श्वास मंदावतो. कुठे रक्त नाही, आरडाओरडा नाही. पायाचे तळवे तेवढे गार लागतात.

मी त्या पोरीचा ब्लाउज काढला, बाळाला टोपी आणि लंगोट सोडून उघडं केलं, तिच्या छातीवर उभं ठेवलं आणि दोघींना तिच्याच चितेंजेनं घट्ट बांधलं. चितेंजे म्हणजे तिथल्या बायकांचं रंगीत लुगडं. नेसायला तेच, पोर पाठीला बांधायला तेच, आणि शेवटी गुंडाळायलाही तेच. पोरगी दमलेली, तासाभरात तिची मान कलायला लागली. तेव्हा आजी पुढे आली. तिनं स्वतःचा सदरा उतरवला आणि बाळ मागून घेतलं. पंचावन्न-साठीची बाई, नऊ बाळंतपणं झालेली. भिंतीला टेकून बसली आणि रात्रभर हलली नाही. मी दर तासाला टॉर्च घेऊन यायचे, चितेंजेत हात घालून तळवे चाचपायचे. दीडेक तासानं आजीनं विचारलं, "यंत्र कधी सुरू होणार?" तिला वाटत होतं, खरा उपचार त्या काचेच्या पेटीत आहे आणि ती स्वतः फक्त वेळ काढून नेतेय. पहाटे साडेपाचला बाळ 36.6 होतं. मी थर्मामीटर तिला दाखवला, आकडा वाचून दाखवला आणि सांगितलं की हे तुम्ही केलंत. तिनं मला दोनदा विचारलं की खरंच का.

बाळाला असं उराशी बांधणं 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी सुरू केलं, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. कित्येक वर्षं त्याला गरिबांचा पर्याय समजलं गेलं. 2021 मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मलावीतल्या ब्लांटायर शहरातलं क्वीन एलिझाबेथ रुग्णालय होतं, आपल्या दिल्लीचं सफदरजंग होतं. एक ते 1.8 किलोची बाळं जन्मल्यापासून लगेच आईच्या उराशी ठेवली, तर बाळ स्थिर होईपर्यंत पेटीत ठेवून मग आईकडे देण्यापेक्षा पंचवीस टक्के मृत्यू कमी झाले. तुलना चालू इन्क्युबेटर-वॉर्मरशी होती, बंद पडलेल्याशी नव्हे, हे कृपया दोनदा वाचा.

याचा अर्थ यंत्रं नकोत असा नाही. त्याच ब्लांटायरच्या रुग्णालयात नाकातून हवेचा दाब देणारं, पाण्याच्या बाटलीवर चालणारं एक साधं यंत्र वापरून पाहिलं; श्वास कोंडणारी बाळं नुसत्या ऑक्सिजनवर शंभरातली 44 जगत होती, त्या यंत्रावर 71 जगली. पण ते यंत्र रात्रभर कुणीतरी बघावं लागतं. नळी सरकली, बाटलीतलं पाणी उतरलं, नाकाला जखम झाली. एका सिस्टरकडे तीन खोल्या असतील तर ते यंत्र भिंतीवर टांगलेलंच राहतं.

आणि सावधगिरीची एक गोष्ट सांगते, ती आपल्या नागपूरशी जोडलेली आहे. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. श्रीमंत देशांत यानं असंख्य बाळं वाचली. स्वस्त इंजेक्शन, मग खेड्यापाड्यात का देऊ नये? सहा देशांत ते करून पाहिलं, त्यात केनिया, झांबिया आणि आपल्याकडची बेळगाव-नागपूरकडची गावं होती. 2015 मध्ये निकाल आला. सबंध भागात नवजात बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट हजारी साडेतीननं वाढले. पुढे 2020 मध्ये बऱ्यापैकी सोय असलेल्या रुग्णालयांत तेच इंजेक्शन दिलं तेव्हा मात्र बाळं वाचली. औषध तेच. आजूबाजूला दिवस मोजून ठेवलेले, आईचा संसर्ग ओळखणारं, बाळाला ऊब देणारं कुणी आहे की नाही, एवढाच फरक. एखादी वस्तू उचलून खेड्यात नेली की तिथे ती तेच काम करेल, हे गृहीत धरू नका.

एक बाळ माझ्या मनातून जात नाही. मुलगा, एकवीसशे ग्रॅम, दवाखान्यात नीट जन्मला, त्या 91 टक्क्यांतला. चोवीस तासांनी घरी पाठवला, कारण खाट दुसरीला हवी होती. सही माझी आहे. पाचव्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन आली. निळसर ओठ, गार पाय, नाळेभोवती लाली. मी विचारलं, कधीपासून ओढत नाहीये? म्हणाली, तिसऱ्या दिवसापासून. नवरा तंबाखूच्या मळ्यावर मजुरीला गेलेला. बाळंतिणीनं इतक्यात घराबाहेर पडायचं नसतं, सासू म्हणाली उद्या बघू. काबाझाला द्यायला पैसे नव्हते, ते शेजारणीनं दिले ते पाचव्या दिवशी. अर्ध्या तासात बाळ गेलं. त्याला नाव ठेवलेलं नव्हतं. इतक्या लहान बाळासाठी गाव जमत नाही. चार बायका गेल्या आणि अंधार पडायच्या आत पुरून आल्या. तिसऱ्या दिवशी त्या घरात कुणी माहीतगार बाई डोकावली असती तर? मी हा प्रश्न सासूवर ढकलत नाही. आपल्याही घराघरांतून पहिला चीक फेकला जायचा, बाळाला मध चाटवला जायचा. कुणीतरी येऊन, ओसरीवर बसून, पुन्हा पुन्हा समजावलं तेव्हा ते थांबलं.

गडचिरोलीत नेमकं हेच झालं होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायका तयार केल्या. बाळंतपणानंतर त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, संसर्ग ओळखून उपचार करायच्या. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि जगानं दखल घेतली. उत्तर घानात नाव्रोंगोला आणखी एक धडा मिळाला. तिथे काही भागात नुसते स्वयंसेवक नेमले, काही भागात पगारी नर्स गावातच राहायला पाठवली, गावकऱ्यांनी तिला राहायला घर बांधून दिलं. जिथे नर्स राहिली तिथे तीन वर्षांत बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. नुसत्या स्वयंसेवकांनी बालमृत्यू कमी झाले नाहीत. माझ्या मते दात्यांनी यावर थांबून विचार करायला हवा. गरीब गावातल्या बाईकडून फुकट सेवेची अपेक्षा करायची आणि पैसा मात्र पेटीवर खर्च करायचा, हे उलटं आहे.

म्हणून माझी विनंती अशी. दोन इन्क्युबेटरच्या पैशांत त्या रुग्णालयाला रात्रपाळीची दुसरी सिस्टर द्या, आणि एका वर्षासाठी नको, तीन वर्षांसाठी द्या. मिशनच्या रुग्णालयाला अशी नेमणूक करता येते. मलावीत शिकलेल्या, नोकरीची वाट बघणाऱ्या सिस्टर तिथेच आहेत, इथून कुणाला पाठवायची गरज नाही. 2025 मध्ये अमेरिकेनं मदतीचा हात काढून घेतल्यापासून पगारांची ओढाताण आणखी वाढली आहे. उरलेल्या पैशांत आईला टेकून बसता येईल अशा खाटा, कारण उराशी बाळ बांधून लोखंडी सपाट खाटेवर दहा दिवस कुणी राहू शकत नाही. त्या आईला जेवण. तिथल्या रुग्णालयात रुग्णाचा स्वयंपाक घरच्यांनीच करायचा असतो, आणि घरचं माणूस मका संपला म्हणून निघून गेलं की आईही बाळ घेऊन निघून जाते. घरी गेलेल्या लहान बाळाकडे तिसऱ्या आणि सातव्या दिवशी जायला सरकारी आरोग्यसेवक आहेत, आपल्या आशाताईंसारखे पण पगारी. त्यांच्याकडे पगार आहे, सायकलची ट्यूब नाही आणि फोनमध्ये पैसे नाहीत. काबाझावाल्यांचा एक छोटा फंड करा. रात्री बाळ आणलं तर भाडं रुग्णालय देईल, एवढं गावात माहीत झालं तरी त्या पाचव्या दिवसाचा तिसरा दिवस होईल.

आज्यांना विसरू नका. तिथे आजी-आजोबा दोघांनाही 'अगोगो' म्हणतात आणि बाळाच्या बाबतीत शब्द त्यांचा चालतो. उत्तरेत एक्वेंडेनीच्या मिशन रुग्णालयानं हे ओळखून अगोगोंनाच शिकवायला घेतलं होतं. माझ्या त्या रात्रीच्या आजीनं नंतर गावातल्या दोन अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उराशी बांधून दवाखान्यात आणलं. तिच्या नातीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती चालायला लागली होती आणि माझ्या पांढऱ्या बुटांना घाबरत होती.

या पैशांवर पितळी पट्टी लावता येणार नाही, फोटोही फारसे निघणार नाहीत. वर्गणी देणाऱ्यांना काय दाखवायचं, असा प्रश्न तुमच्या बैठकीत येईल याची मला कल्पना आहे. वॉर्डातली तापमानाची वही दाखवा. दर बाळाचं दर तीन तासांचं तापमान. दुसरी सिस्टर आली की ती वही रात्रीसुद्धा भरलेली दिसते, आत्ता रात्रीच्या रकान्यात रेघ असते.

तुम्हाला उत्तर देण्याआधी मी तिथल्या मेट्रनला फोन केला आणि तिच्यापुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, आजवर देणाऱ्यांपैकी कुणी मला विचारलं नव्हतं. ताई, तुमच्या कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी आहे असं तुम्ही म्हणाला होतात. त्याआधी एकदा तिच्याशी बोला, फोन मी जोडून देते. मलावीच्या वेळेनं दुपारी दोननंतर ती मोकळी असते. पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो.

आपली,
मलावीहून परतलेली एक सिस्टर, सांगली